लोहमार्गाची नाडीपरीक्षा

कुंभारवाड्यांत मडकें घेणारी गृहिणी तें प्रथम बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. खणखणीत नाद आला तर मडकें पक्कें. बद्द आवाज निघाला तर कोठें तरी तडा आहे. ज्या विद्येवर आज ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील असंख्य प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत, तिचें मूळ याच साध्या कृतींत आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोंचली व १८५४ सालीं हा मार्ग कल्याणपर्यंत गेला. जुन्या काळीं गाडी उभी असतां कामगार चाकांवर हातोडी मारी व नादावरून चीर ओळखी. रुळास मात्र हा उपाय लागू पडत नाहीं. तो जागोजाग जखडलेला असल्यामुळें त्याचा नाद मोकळेपणीं घुमत नाहीं. शिवाय सेकंदास हजार कंपनें असलेल्या ध्वनीची लहर पोलादांत पांच-सहा मीटर लांब असते. तिळाएवढी चीर तिच्या खिजगणतींतहि नसते.

म्हणून लहर आंखूड केली पाहिजे. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. रूळ तपासण्यासाठीं सुमारें २० लक्ष कंपनांचा ध्वनि योजतात. त्याची लहर पोलादांत अवघी तीन मिलिमीटर भरते. अमेरिकेंत फ्लॉइड फायरस्टोन यांस अशा यंत्राचें पेटंट १९४२ सालीं मिळालें.

हातगाडीसारखें यंत्र रुळावरून ढकलीत नेतात. शोधक व रूळ यांमध्यें पाण्याचा पातळ थर ठेवावा लागतो, कारण मध्यें किंचित् हवा राहिली तरी ध्वनि पोलादांत शिरत नाहीं. ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. ध्वनि सेकंदास सुमारें ५,९०० मीटर वेगानें त्याच्या तळास जाऊन परततो. यास सेकंदाचा सुमारें सतरा-हजारांवा भाग लागतो. प्रतिध्वनि त्याआधींच आला तर वाटेंत चीर आहे असें समजावें, आणि वेळेवरून तिची खोलीहि काढावी. उभी चीर मात्र सरळ जाणाऱ्या ध्वनीस चुकविते; तिच्यासाठीं ७० अंशांत तिरपा ध्वनि सोडतात.

दोष आढळतांच तेथें खूण करून दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या आवळतात व पुढें रूळ बदलतात. थंडींत रूळ आकुंचन पावूं पाहतो, ताण वाढतो, आणि उन्हाळ्यांत निभावलेली चीर पहाटेच्या गारठ्यांत तुटते. म्हणून ती आधींच सांपडणें अगत्याचें असतें.

तथापि यंत्रासहि मर्यादा आहेत. माथ्यावरून सोडलेला सरळ ध्वनि रुळाच्या पायथ्याच्या कडांपर्यंत पोहोंचत नाहीं. तेथील जोड हातीं शोधक घेऊन निराळे तपासावे लागतात. पडद्यावरील रेषेचा अर्थ लावणारा मनुष्यच असतो. मुंब्रा, दिवा, डोंबिवली या टापूंत दोन गाड्यांमधील अवकाश थोडा. तेवढ्यांत उन्हांत किंवा अपरात्रीं त्यास नजर ढळूं न देतां चालावें लागतें. सकाळीं कल्याणहून खच्चून भरलेली गाडी सुखरूप ठाण्यास येते, तेव्हां आंतील मंडळींस त्याचें नांवहि ठाऊक नसतें. मडकें वाजविणाऱ्या गृहिणीची सावधगिरी मात्र त्यानें त्यांच्यासाठीं आधींच बाळगलेली असते.