समुद्रपक्षी आणि आपली धरणं

समुद्रपक्ष्यांचं स्थलांतर पाहायचं तर किनाराच गाठला पाहिजे, ही समजूत मला मान्य नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डंजनेसला वसंतातल्या बोचऱ्या वाऱ्यात माणसं दुर्बिणी लावून तासन्‌तास बसतात आणि परतीला निघालेले थवे टिपतात. आपल्या परंडा तालुक्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही, पाऊसही बेताचाच येतो. पण उजनी धरणाचा फुगवटा आपल्यापासून फार लांब नाही, आणि तिथं दर हिवाळ्यात कुरव उतरतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव जन्मतो कुठं? लडाखमधल्या त्सो मोरिरीसारख्या, साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तळ्यांकाठी. तिथून हजार किलोमीटरांच्या आत समुद्र नाही. ज्याला आपण समुद्रपक्षी म्हणतो तो मूळचा तळ्याचाच रहिवासी. कोकणचा किनारा हा त्याचा हिवाळी मुक्काम, तसाच उजनीही.

फाल्गुनात आपल्याकडे पहाटे अजून पांघरूण लागतं, दुपारी मात्र ऊन चटके देतं. तिकडे वरच्या तळ्यांवर तेव्हा बर्फच असतो, म्हणून कुरवाला निघायची घाई नसते. मात्र तयारी त्याच्या डोक्यावर दिसते. हिवाळ्यात डोकं पांढरं, डोळ्यामागे फक्त काळसर ठिपका. तो पसरत जातो, आणि मार्चमध्ये सगळं डोकं तपकिरी होतं. सोबत काळ्या डोक्याचा कुरवही असतो, त्याचंही डोकं तपकिरीच होतं, म्हणून गफलत होते. अशा वेळी डोळा पाहावा: पहिल्याचा फिकट, दुसऱ्याचा गडद. उडताना पहिल्याच्या काळ्या पंखटोकांवर पांढरे ठिपके चमकतात.

कोणी म्हणेल, हे खरे समुद्रपक्षी नव्हेतच. आक्षेपात तथ्य आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांवर घरटी करणारे, एरवी खुल्या समुद्रावर राहणारे सुरय उजनीवर शोधून मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी सिंधुदुर्गच गाठावं लागेल. पण त्यामुळे कुरवांचा प्रवास कमी प्रतीचा ठरत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये कालव्यांची आवर्तनं सुटतात, पाणी ओसरतं, गाळ उघडा पडतो, पक्षी जागा बदलतात, मग संख्या घटली म्हणजे ते उत्तरेला गेले असं कशावरून? नुसत्या मोजणीवरून ते खरंच सांगता येत नाही. म्हणून ठरलेली जागा आणि वेळ सोडू नये, त्या दिवशीची पाणीपातळी लिहावी, आणि थव्यात गडद डोक्याचे किती, पांढऱ्या डोक्याचे किती हे वेगळं मांडावं. गडद डोक्याचे, म्हणजे प्रौढ पक्षी सहसा आधी निघतात, पहिल्या वर्षाचे मागे रेंगाळतात. गडद डोकी आधी नाहीशी झाली तर कारण स्थलांतराचं. दोन्ही एकदमच कमी झाली तर संशय आधी पाण्यावर घ्यावा. हीच पद्धत आपल्या तालुक्यातल्या सीना-कोळेगाव धरणावरही चालेल, आणि एकही कुरव दिसला नाही त्या दिवसाचं शून्यसुद्धा वहीत तारखेसह लिहायला हवं.