बीजाचे अंथरूण

बी रुजत घालावयाचे म्हटले की आपला हात प्रथम शेणखताकडे जातो. जे लहान आहे त्याला सकस खाऊ घालावे, ही घरोघरची माया. ती आपण बियांनाही लावतो. परंतु श्रोतेहो, बी उपाशी जन्माला येतच नाही. टोमॅटोचे असो वा भोपळ्याचे, पहिल्या काही दिवसांची शिदोरी ते बरोबर घेऊनच आलेले असते. बाहेरून त्याला लागते पाणी, लागते ऊब आणि लागते हवा. पैकी पाण्याची आठवण सर्वांना राहते. हवेची फारशी कोणाला राहत नाही, आणि पुष्कळशा रोपवाटिका नेमक्या तेथेच फसतात.

भिजलेले बीज साठविलेले अन्न वापरू लागले की त्याला प्राणवायू हवा असतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या, तर तो त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि बी कुजते. आपली काळी जमीन ज्वारी-कापसाची माउली खरी. पण तीच कुंडीत भरली, तर ओली असता चिखल आणि वाळली की वीट! कोवळ्या कोंबाने ती फोडावी कशी? सकसपणाही येथे बाधतो. खतातील क्षार फार झाले म्हणजे बीजाला पाणी ओढून घेणे जड जाते, आणि पिथियमसारख्या बुरशीवजा जीवांना अर्धवट कुजलेले शेण म्हणजे मेजवानीच. मग मिरचीची टवटवीत रोपे जमिनीलगत बारीक होऊन रातोरात आडवी पडतात. याला रोपे कोलमडणे म्हणतात. ज्याची वर्षाची मिरची त्या एका वाफ्यावर अवलंबून आहे, त्याला बी पुन्हा विकत घेता येईल. पण हातचे गेलेले तीन आठवडे कोणत्या दुकानात मिळणार?

आपल्या वाडवडिलांना यातले बरेचसे अनुभवाने उमगले होते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्या उष्णतेने तणाचे बी व मातीतील उपद्रवी जीव बऱ्याच अंशी नाहीसे होतात. मात्र त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात. ज्यांना तो मार्ग नको, त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरावे. ऊन तेच काम करते. नवरात्रातील मातीचा घट पाझरतो आणि भोवतालच्या धान्याला बेताचा ओलावा देतो. आणि मटकीला मोड आणणारी गृहिणी तर केवळ ओल्या फडक्यावर काम भागविते. 1966 च्या बियाणे अधिनियमाखाली चालणाऱ्या प्रयोगशाळांतही उगवण पाहतात ती ओल्या कागदावर किंवा वाळूत. तेथे खताचा कणही नसतो.

वाळूचे नाव काढताच महसुली कामकाज केलेल्या माणसाला फायली आठवतात, तेव्हा ती थोडीच घ्यावी, नदीची घ्यावी, खारी नसावी, आणि धुऊन पुन्हा वापरावी. वाल, घेवडा, भोपळा अशा टपोऱ्या बियांना ती मानवते. बारीक बियांना मात्र मी नारळाच्या काथ्याचा भुसा सुचवीन. केरळात आलप्पुळाच्या आसपास एके काळी ज्याचे नुसते ढीग साचत, तो आता विटांच्या रूपाने देशभर जातो. युरोपात याच कामासाठी दलदलीतील पीट खणून काढीत आले. ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साचते. त्या मानाने आपला भुसा दरवर्षी नव्याने मिळणारा. एवढेच की त्यात क्षार असतात. म्हणून भिजवून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन मगच तो वापरावा.

ओलावा किती, याला मूठ हेच माप. मूठभर भुसा दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पिळून काढावा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल घालावे आणि भांड्याच्या तळाला भोक असावे. दिल्लीकर मंडळींनी जानेवारीत घाई करू नये, कारण थंड आणि ओले असे दोन्ही एकत्र आले की मिरची-वांग्याचे बी उगवण्याऐवजी सडण्याचीच शक्यता अधिक.

बीजदले उघडून त्यांवर खरी दोन पाने फुटली की शिदोरी संपत आली, असे समजावे. शेणखताची पाळी आता येते. तेही पुरते मुरलेले आणि मातीत मिसळून.