कांदिवलीचा डास आणि रक्तातलं दार

आवाज बसलाय, कारण गेल्या आठवड्यात कांदिवलीत मला मलेरिया झाला. रिपोर्टवर 'व्हायवॅक्स'. गोधडीत कुडकुडताना एकच प्रश्न: हा पेशीत शिरतो कुठून?

तर ऐका. जखम झाली की पेशी केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात. पांढऱ्या पेशी आपल्या रिसेप्टरने ती ओळखतात आणि तिकडे धावतात. ही युक्ती माशांमध्येही आहे. जीन्सच्या नकला होत होत माणसात जवळपास 50 केमोकाइन झाले.

तांबड्या पेशींवर मात्र 'डफी' नावाचा विचित्र रिसेप्टर असतो. तो केमोकाइन पकडतो, पण पेशीला निरोपच देत नाही. स्पंजच म्हणा ना. व्हायवॅक्सने नेमकं तेच दार धरलं! 1976 मध्ये लुई मिलर यांच्या गटाने दाखवलं, की डफी नसलेल्यांना व्हायवॅक्स सहसा होत नाही. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर तो नाहीच, डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकामुळे. मात्र त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल थोड्या कमी दिसतात. आजार नाही तो, पण डॉक्टर उगाच घाबरतात.

आपल्याकडे बहुतेकांना डफी आहे. म्हणून गच्चीवरच्या टाकीला झाकण हवंच. आणि ताप उतरला तरी व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो. माझ्या प्रायमाक्विनच्या 14 दिवसांपैकी अजून आठ बाकी आहेत.