आधी तिला भेटा

(रेडिओवरील भाषण)

माहूर, किनवट, हिमायतनगर, हदगाव आणि पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड-पुसदकडून ऐकणाऱ्या सगळ्या मायबहिणींनो, ऐका.

मला विषय दिला आहे स्तनाचा कॅन्सर. तो का होतो, गाठ कशी तपासायची, हे डॉक्टर मंडळी रेडिओवरून नेहमी सांगतात आणि तुम्ही ते ऐकलेलं आहे. मी त्यात पडत नाही. मिनिटं थोडी आहेत आणि मला एकच गोष्ट सांगायची आहे. ऑपरेशनची तारीख ठरली, किमो घ्यायचं ठरलं, की पहिली सलाईन लागायच्या आत अशा एका बाईला भेटा जिनं हे सगळं भोगून झालेलं आहे. नंतर नाही, आधी भेटा.

माझं ऑपरेशन झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आमच्या घरी ठरलं की कुणाला सांगायचं नाही. मुलीचं लग्न व्हायचं होतं. गल्लीत सांगितलं, गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. रिपोर्टांची फाईल पिठाच्या डब्यामागं असायची. किमोनं केस गेले तेव्हा मी टायफॉइडचं नाव सांगितलं. आणि पुढं कितीतरी दिवसांनी कळलं की आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, एका बाईचं हेच ऑपरेशन माझ्या आधी झालेलं होतं. तिच्या घरच्यांनी पित्ताशयाचं सांगितलं होतं. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या आम्ही दोघी. मी रात्र रात्र छताकडं बघत काढत होते, हात वर होईना म्हणून रडत होते, आणि ज्या बाईला या सगळ्याची उत्तरं ठाऊक होती ती चार घरांपलीकडं झोपलेली होती. याचा मला अजूनही राग येतो. तिचा नाही. या लपवालपवीचा.

तुमच्यातल्या ज्यांनी जात्यावर दळलं आहे त्यांना सांगते. एकटीनं दळायला बसलं की दोन पायल्यांत दंड भरून येतो. समोर दुसरी येऊन बसते, खुंट्याला हात लावते, आणि तेच जातं फिरायला लागतं. ती काही तुमचं दळण आपल्या घरी नेत नाही. दाणे तुमचे, पीठ तुमचं, घास घालायचा तोही तुम्हीच. दगडाचं ओझं तेवढं दोघींत वाटलं जातं. आणि जिचा हात दळणाला बसलेला आहे ती नवखीला सांगते, एवढी मूठ भरून घास घालू नको, जातं अडेल. झटके देऊ नको, अंगाच्या झोक्यानं फिरव. हे सांगायला तिला पुस्तक लागत नाही. किमोचंही तसंच आहे बायांनो. तो तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो. नवरा घेऊ शकत नाही, लेकरू घेऊ शकत नाही. पण समोर बसून खुंट्याला हात लावणारी पाहिजे, आणि ती दळलेली पाहिजे. नुसती कड घेणारी माणसं घरात असतातच. दळलेली बाई वेगळी.

हे मी मनाचं सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर नावाच्या बाईंचं 1952 साली स्तनाचं ऑपरेशन झालं. त्या काळी छातीचे स्नायूही काढत. घरी गेल्यावर हात कसा हलवायचा, कपडे काय घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, काही कुणी सांगेना. मग त्या स्वतःच दवाखान्यात जाऊन ऑपरेशन झालेल्या बायांच्या खाटेशी बसायला लागल्या. सोबत नेत काय, तर एक रबरी चेंडू, एक दोरी, आणि कपड्याच्या आत ठेवायला तात्पुरता स्तन. चेंडू आणि दोरी हाताच्या व्यायामाला. डॉक्टरांना सुरुवातीला हे फारसं रुचलं नाही. पण 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं त्यांचं काम आपल्याकडं घेतलं, आणि ते पुढं देशोदेशी गेलं. आपल्याकडं मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या रोग्यांसाठी 1994 मध्ये वंदना गुप्ता यांनी ‘व्ही केअर’ सुरू केलं. त्या स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या. पुण्यात स्तनाच्या कॅन्सरच्या बायांचा ‘आस्था’ नावाचा गट आहे. म्हणजे मोठ्या शहरात ही वाट पडलेली आहे. माहूरला, किनवटला, तांड्यावर, कोलामांच्या पोडावर ती पाडायची राहिली आहे.

तशी आपल्या बाया ती पाडतातच, कुणी न सांगता. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बघा. नंदीग्राम एक्सप्रेसनं टाटाला उपचाराला जाणारी आपल्या भागातली माणसं तिथं उतरतात. तिथं एक स्टोव्हवर भात टाकते, दुसरी तिला ऑपरेशननंतरची नळी आणि डबा सांभाळायचं शिकवते. परभणीकडच्या एक काकू मला भेटल्या होत्या, अक्षरओळख नाही, पण कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे त्या वकिलासारखं सांगत. रेल्वेत कॅन्सरच्या रोग्याला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला त्यात 75 टक्के सूट मिळते, दवाखान्याचा दाखला लागतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. एसटीतही रोग्याला सवलत आहे. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचं म्हणाल तर 2012 मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला नांदेड होता. इतकी वर्षं झाली, तरी रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जायचं हे न कळल्यामुळं शेत गहाण टाकलेली घरं मला ठाऊक आहेत. ती माणसं एका अनुभवी बाईला आधी भेटली असती तर शेत राहिलं असतं. म्हणून म्हणते, आधी.

आता ती बाई सांगते काय? मी सांगते काय ते ऐका.

ऑपरेशनच्या आधी पुढून उघडणारे दोन सैल ब्लाऊज शिवून घ्या. काखेजवळून नळी येते, तिच्या डब्यात पाणी जमतं, ते किती जमलं हे रोज लिहून ठेवायचं. त्याला भ्यायचं नाही. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. कंटाळा केला की खांदा धरतो, मग वेणी घालता येत नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला जपायचं, तो सुजू शकतो. रक्तदाब मोजायला, सुई टोचायला दुसरा हात पुढं करायचा. चुलीवर भाजू द्यायचं नाही, कापूस वेचताना ओरखडू द्यायचं नाही. आणि घट्ट बांगडी नको. इथं मला बंजारा तांड्यावरच्या याडींशी, म्हणजे आयांशी, बोलायचं आहे. दंडापर्यंतच्या तुमच्या बांगड्या, लग्नापासून अंगावर असलेल्या. त्या उतरव म्हणून डॉक्टर सांगतो तेव्हा बाई ऑपरेशनला नाही म्हणत नाही, बांगड्यांना नाही म्हणते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथं डॉक्टरचं चालत नाही, माझंही चालत नाही. तांड्यातलीच, एक हात मोकळा असलेली दुसरी याडी शेजारी येऊन बसली तर चालतं.

किमोचं सांगते. लाल औषध चढवलं की दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. हे आधी कुणी सांगितलं नाही तर बाई घाबरून उपचार सोडते. पहिल्या सलाईननंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात. उशीवर पुंजके बघत बसण्यापेक्षा आधीच बारीक करून घ्यावेत. ते पुन्हा येतात, माझे आले. तोंड येतं, मग तिखट सोसत नाही, पातळ खिचडी, ताक-भात बरा. माहूरच्या रेणुका आईच्या तांबूलाचा प्रसाद घरी आला तर कपाळाला लावून ठेवून द्या, चुना आणि पान त्या तोंडाला झोंबतात. नवरात्रात पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर गडावरच्या गर्दीत जाऊ नका. आई रेणुका गडावर आहे, ती कुठं जात नाही. पुढच्या वर्षी जा.

आणि ताप. किमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री असेल तर रात्री निघायचं. घरातली तापाची गोळी घेऊन झोपायचं नाही. माहूरपासून मोठा दवाखाना लांब आहे, नांदेडला जायचं की यवतमाळला, गाडी कुणाची, हे आधीच ठरवून ठेवायचं. हे वाक्य मी दुसऱ्यांदा म्हणते, कारण कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल. किमोत ताप आला तर रात्रीच निघायचं.

पण एक मर्यादा आहे, ती सोडून मी बोलले तर पाप लागेल. ती बाई डॉक्टर नव्हे. तिची गाठ वेगळी, तुमची वेगळी. कुणाचा पूर्ण स्तन काढतात, कुणाची नुसती गाठ. कुणाला किमो आधी देतात, कुणाला ऑपरेशननंतर. कुणाला नंतर लाईट, म्हणजे तो शेक लागतो, कुणाला लागत नाही. कुणाला पुढं पाच-पाच वर्षं गोळी असते. ‘तिला चार किमो दिले, मला आठ का’ असं म्हणून भिऊ नका, आणि ‘तिनं मध्येच सोडलं तरी ती बरी आहे’ असं म्हणून तर मुळीच सोडू नका. जी बाई म्हणेल की सलाईन बंद कर आणि अमक्याचा पाला घे, तिच्या समोरून उठा. ती खुंट्याला हात लावत नाही, जातंच उचलून नेते आहे. सुई टोचून तुकडा तपासला की कॅन्सर पसरतो, असं म्हणणारीही असते. तसं होत नाही. तपासणी टाळण्यात जे महिने जातात, त्या महिन्यांत तो पसरतो.

आता थोडं रागावते. तुमच्यावर, ज्या बऱ्या झाल्या आहेत त्यांच्यावर. तुम्ही कुठं आहात? माहूर तालुक्यात, किनवट तालुक्यात तुम्ही आहात, मला माहीत आहे. पदर नीट घेऊन लग्नात मिरवता, हळदीला जात्याचा खुंटा धरता, आणि शेजारच्या घरात गाठ निघाली की दार लावून घेता. ‘लोकांना कळेल’ म्हणता. कळू द्या. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही, ताट-पेला वेगळा ठेवायचं कारण नाही, हे डॉक्टरनं शंभरदा सांगितलं तरी सासूला पटत नाही. तुम्ही तिच्या घरी जाऊन तिच्या सुनेच्या ताटात जेवलात की पटतं. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं वस्त्यांमधल्या दीड लाख बायांवर वीस वर्षं अभ्यास केला, 2021 मध्ये तो छापून आला. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी हातानं तपासणी केली, आणि पन्नाशीपुढच्या बायांत या रोगानं होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. मशीन नव्हतं त्यात. बाईचा हात होता. तो अभ्यास तपासणीचा आहे, मी बोलते ते सोबतीचं, हे मला कळतं. पण बाईनं बाईच्या दारात जाण्यात किती ताकद आहे ते त्यात दिसतं.

नवऱ्यांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलंच. ऑपरेशननंतर बाई आरशासमोर जात नाही, नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला लागतो, दोघांनाही वाटतं की समोरच्याला नको आहे, आणि... हे एवढ्यात सांगून होणार नाही, समोरून वेळ संपल्याची खूण होते आहे.

एवढंच करा. तुम्ही बऱ्या झालेल्या असाल तर उद्या आपल्या गावच्या आशाताईला आपलं नाव सांगा आणि म्हणा, कुणाची तारीख ठरली तर मला आधी कळव. आणि जिची तारीख ठरली आहे, तिनं आशाताईला विचारावं, आपल्याकडं असं कोण आहे. ती ऑपरेशनच्या आधी भेटावी. सोबत फाईल न्या, विचारायचं ते कागदावर लिहून न्या, लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून लिहून घ्या.