गर्भातल्या हृदयाचे मोजमाप
(विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. तरी या विषयावर उभा राहिलो, त्याला घरचे कारण आहे.

१९९८ साली मी कॉलेजात होतो. माझ्या थोरल्या भावाचे पहिले मूल जन्मानंतर चौथ्या दिवशी मलूल झाले. दूध ओढेना, पाय गार पडले. मोठ्या इस्पितळाच्या वाटेवरच ते गेले. शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी अरुंद असावी, असे डॉक्टर म्हणाले. सोनोग्राफी झाली होती. पण त्या दिवशी घरात सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न होता : मुलगा की मुलगी? हृदयाचे कुणीच विचारले नाही. मीही नाही.

मित्रहो, धातूतल्या भेगा शोधणाऱ्या ध्वनिलहरी ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी माणसाच्या पोटाकडे वळवल्या. १९५८ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पुढे १९८० च्या सुमारास लंडनच्या डॉ. लिंडसे ॲलन यांनी गर्भाचे धडधडते हृदय बारकाईने पाहण्याची पद्धत रुजवली.

ही तपासणी साधारण १८ ते २२ आठवड्यांत होते. तेव्हा हृदय असते जेमतेम दोन सेंटिमीटरचे, रुपयाच्या नाण्याएवढे. डॉक्टर छातीचा आडवा छेद पडद्यावर आणतात. त्यात हृदयाचे चारही कप्पे दिसले पाहिजेत. मग छातीभोवती एक वर्तुळ, हृदयाभोवती दुसरे. हृदयाने छातीचे क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांश व्यापावे. परिघ छातीच्या परिघाच्या सुमारे निम्मा असावा. टोक डावीकडे अंदाजे ४५ अंशांत झुकलेले असावे. खालचे दोन्ही कप्पे या दिवसांत जवळजवळ सारखे असावेत.

आपल्या भाषेत 'मोठ्या काळजाचा माणूस' ही स्तुती आहे. सोनोग्राफीत मात्र मोठे हृदय हा इशारा असतो. रक्तक्षय, झडपेची गळती किंवा ठोक्यांतला बिघाड, कारण काहीही असू शकते.

आकाराइतकीच घडणही बोलते. हृदयाची लांबी रुंदीच्या सुमारे सव्वापट असते. वार कमकुवत असली, बाळाची वाढ खुंटली, तर काही बाळांचे निमुळते हृदय चेंडूसारखे गोल होऊ लागते. आता संगणक प्रत्येक खालच्या कप्प्याचे २४ भाग करून कोणता भाग रुंदावला तेही दाखवतो. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. तो त्याच आठवड्याच्या निरोगी गर्भांशी ताडून पाहावा लागतो.

गेल्या वर्षी त्याच भावाच्या धाकट्या मुलीला दिवस गेले. या वेळी घरातली जुनी घटना आम्ही डॉक्टरांना आधीच सांगितली. तपासणीत बाळाच्या हृदयाचा डावा कप्पा उजव्यापेक्षा लहान भरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "ही शंका आहे, निदान नव्हे. पुष्कळदा अशी शंका जन्मानंतर खोटी ठरते." पण बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात ठरले. शंका खरी निघाली. गर्भातली जोडनळी उघडी ठेवणारे औषध लगेच सुरू झाले आणि काही दिवसांत शस्त्रक्रिया झाली. बाळ आज रांगते आहे. आजार तोच होता. फरक फक्त वेळेवर कळण्याचा.

हजार जन्मांमागे सुमारे आठ-नऊ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. सगळेच दोष गर्भात दिसत नाहीत, म्हणून अहवाल चांगला आला तरी बाळ निळसर पडले, दूध पिताना दमले, तर थांबू नका. पैशासाठीही थांबू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि अशा दोषांवर उपचाराची सोय आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. त्या खोलीत विचारू नये असा प्रश्न आमच्या घराने विचारला आणि विचारायचा तो राहून गेला. तुम्ही एवढेच विचारा : "डॉक्टर, हृदयाचे चारही कप्पे दिसले का? माप आठवड्यांप्रमाणे आहे ना?"