सेवेची शिदोरी

पगार न घेता परमुलखात वर्षभर राबलेल्या तरुणाच्या अंगी कसब येतं, पण नोकरी मागायला गेला, की साहेब विचारतो, "दाखला कुठं आहे?" म्हणून युरोपीय संघाच्या युवक-योजनेत २००७ साली 'यूथपास' हा दाखला निघाला. त्यात परीक्षा नाही, गुण नाहीत. आपण काय शिकलो - परकी भाषा, हिशेब, माणसं सांभाळण्याची हातोटी - हे स्वयंसेवकानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. पुढं २०१२ साली संघाच्या मंत्रिपरिषदेनं सभासद देशांना शिफारस केली : शाळेबाहेर मिळवलेलं ज्ञान पारखून मान्य करण्याची सोय २०१८ पर्यंत करावी. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे! नोकरी देणारानं दाखला उलगडून वाचला, तरच त्याला अर्थ. सेवेचं मोल पैशात नको; पण तिनं शिकवलेलं वाया का जावं?