गळणे वेगळे, ठिबकणे वेगळे

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शिक्षण सातवीपर्यंतचे. विषय काय घेऊ, असे चिटणीसबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या पाणी तापवायच्या यंत्रावरून इमारतीत एवढं रामायण घडलं, तेच सांगा की!" म्हणून तेच सांगते. कोथरूडमध्ये आता पुष्कळ घरी हे यंत्र येऊ लागले आहे; माझी चूक दुसरीने करू नये, एवढाच हेतू.

आमच्या सासूबाईंच्या वेळी घरात तांब्याचा बंब होता, कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेला. मधल्या नळकांड्यात बंबफोड आणि गोवऱ्या घालायच्या, वरून तांब्याभर गार पाणी ओतायचे, की तोटीतून तांब्याभर कढत पाणी बाहेर. पुढे विजेचा गिझर आला. आणि 2024 च्या गुढीपाडव्याला आम्ही हीट पंप घेतला.

हे यंत्र म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली ऊब काढून बाहेर टाकतो. हे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून टाकीतल्या पाण्याला देते. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला सुमारे 4 युनिट उष्णता लागते. गिझर तेवढी वीज घेतो. हा पंप हवा उबदार असली, तर सव्वा-दीड युनिटात काम भागवतो. बिलाचा आकडा पाहून आम्ही खूश झालो. यंत्र कोणते घ्यावे, यावर घरात महिनाभर चर्चा चालली होती. नळ्या कशा जोडाव्यात, यावर पाच मिनिटेही कोणी बोलले नाही. तिथेच चुकले.

यंत्र ड्राय बाल्कनीत बसवले. चैत्र-वैशाखात हवा कोरडी, त्यामुळे काही जाणवले नाही. आषाढ लागला आणि दोन ठिकाणी पाणी दिसू लागले. एक यंत्राच्या तळाशी आणि दुसरे टाकीच्या बाजूच्या पितळी व्हॉल्व्हच्या तोंडाशी. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला ओल धरली होती, पोपडे सुटले होते. मी म्हटले, "काकू, पावसाचं असेल." त्या म्हणाल्या, "पाऊस नेमका तुझ्या टाकीखालीच पडतो का गं?" शब्दाने शब्द वाढला. श्रावणात माझ्याकडे मंगळागौर होती. काकू आल्या नाहीत. शेजार तुटला की घर सुने वाटते, ते मला त्या दिवशी कळले.

मी घाईघाईने एका प्लंबरला बोलावले. त्याने पितळी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारले आणि म्हणाला, "ताई, आता एक थेंब पडायचा नाही." खरेच, तिथे पडला नाही. काकूंची ओल मात्र तशीच. पंधरा-वीस दिवस मी त्या टाकीशेजारी उभी राहून कपडे वाळत घालत होते.

शेवटी काकूंनीच त्यांच्या ओळखीचा एक जुना कारागीर पाठवला. त्याने ते बूच पाहिले आणि काही न बोलता आधी विजेचे बटण बंद केले. मग न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला, दाब उतरू दिला आणि बूच काढले. नंतर मला म्हणाला, "वहिनी, बंबाचं तोंड बांधून खाली जाळ केला असता का तुम्ही?"

मग त्याने समजावले. पाणी तापले की फुगते. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर गेले, तर सुमारे 3 लिटरने वाढते. बंब वरून उघडा, म्हणून त्याला भीती नव्हती. ही टाकी बंद. गरम पाणी मागे गार पाण्याच्या नळीत शिरू नये, म्हणून तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला. मग वाढलेले पाणी जाणार कुठे? ते त्या पितळी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. तेच तोंड बंद केले, तर दाब चढून सांधे उकलतात. त्यात थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिले, तर टाकी फुटायलाही वेळ लागत नाही. ऐकून माझे हातपाय गार पडले.

आणि काकूंच्या छताची ओल? ती यंत्राच्या तळाच्या पाण्याची. गार भांड्याला बाहेरून घाम येतो, तसा या यंत्राच्या गार जाळीला येतो. पावसाळ्यात हवेत दमटपणा फार, म्हणून घामही फार. त्या पाण्याला नळीच जोडलेली नव्हती. ते फरशीवर सांडून भेगेतून खाली झिरपत होते.

म्हणजे गळणे वेगळे आणि ठिबकणे वेगळे. गळती थांबवायची असते. या दोन ठिबकण्यांना वाट करून द्यायची असते. आता दोन्हींना स्वतंत्र नळ्या आहेत. दोन्ही मोरीच्या जाळीवर सोडल्या आहेत, तोंडे उघडी आणि डोळ्यांसमोर. घामाच्या नळीला दर मीटरला 1 सेंटीमीटर उतार आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक नाही. गार पाण्याच्या नळीवर मात्र कॉक हवाच, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी सगळ्या घराचे पाणी तोडावे लागत नाही.

आणखी चार गोष्टी त्याच्याकडून शिकले, त्या थोडक्यात सांगते.

गरम पाण्याला साधी पीव्हीसी नळी चालत नाही, ती मऊ पडते, सीपीव्हीसी घ्यावी. जुनी लोखंडी नळी तांब्याच्या नळीला थेट जोडू नये, लोखंड लवकर गंजते. मध्ये वेगळा सांधा लागतो.

टाकी न्हाणीघराच्या जवळ ठेवावी. पाऊण इंची नळीत दर मीटरला पाव लिटर पाणी मावते. 20 मीटर नळी असली, तर गरम पाणी येईपर्यंत 5 लिटर गार पाणी वाया. ते मी बादलीत धरते. गरम नळीवर फोमचे वेष्टण घालावे.

भरलेल्या 200 लिटरच्या टाकीत 200 किलो नुसते पाणीच असते. पुढे आलेल्या बाल्कनीवर ठेवण्याआधी इंजिनियरला विचारावे. शिवाय यंत्राला मोकळी हवा हवी. खिडकी लावून घेतली, तर ते आपलीच गार हवा पुन्हा ओढत बसते.

ज्यांच्याकडे बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते, त्यांनी टाकीच्या तळाचा कॉक अधूनमधून सोडून साका काढावा आणि आतली अ‍ॅनोडची कांडी वर्षाकाठी तपासून घ्यावी. टाकीतले पाणी 60 अंशांवर ठेवले, तर त्यात जंतू वाढत नाहीत. पण त्याने हात भाजतो. घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर गार-गरम मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

त्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेले. म्हटले, "काकू, चूक माझीच होती. पाऊस संपला की छत मी करून देते." काकू म्हणाल्या, "छताचं होईल गं सावकाश. तुझं बूच निघालं ना? आधी चहा घे." दिवाळीपूर्वी छत झाले. काकू आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. माझे काही चुकले असेल, तर त्या सांगतीलच.

जाता जाता एवढेच. घरी गेल्यावर आपल्या गिझरच्या किंवा पंपाच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड एकदा पाहा. त्यावर बूच असेल, तर आधी बटण बंद करा आणि मग जाणत्या माणसाला बोलवा.